पेंडरच्या पाटाचे साप

वेंडेल मूडीचा नर साप मी रोज सकाळी माझ्या मादीच्या, मिस पर्लच्या, डब्यात सोडत होतो आणि रोज दुपारी जसाच्या तसा बाहेर काढत होतो. एवढ्या दिवसांत त्या गधड्याने एकच पराक्रम केला होता. पाण्याच्या वाटीखाली शिरायचं आणि झोपायचं. मिस पर्लची सगळी तयारी झालेली. तिला थंडीभर मागच्या खोलीत अंधारात उपाशी निजवली होती, वसंतात उठवली होती, उंदीर घालून घालून अंगावर आणली होती, आणि तिने कातही टाकली होती. ही कात पडली की मादी नराला घेते, हे आमच्याकडे साप पाळणारं शेंबडं पोरही सांगेल. नवरदेवाला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

"तू तिथे डोळे वटारून उभा असतोस म्हणून," माझी बायको नेडीन म्हणाली. "आपल्या उशाशी कोणी असं उभं राहिलं असतं, तर आपल्याला तरी पोरं झाली असती का?"

मी तिला म्हटलं, तू तुझ्या शेंगा उकड. पण दुसऱ्या दिवशी मी साप सोडला, दार लावलं आणि ओसरीवर जाऊन बसलो. आत जायचा मोह होत होता आणि तो आवरताना माझे दात दुखायला लागले. थोड्या वेळाने नेडीनच कपडे ठेवायला म्हणून त्या खोलीत गेली आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाली की झालं तुझं काम. म्हणजे वर्षभर ज्या क्षणासाठी मी जीव टाकला, तो हिने चादरींच्या घड्या हातात घेऊन बघितला. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण चडफडाट जास्त झाला.

हे एवढं सगळं कशासाठी, ते सांगतो. कॉर्न स्नेक दक्षिण कॅरोलायनात कुठे नाहीत? मक्याच्या कोठारात उंदरांमागे येणारा, विष नसलेला, गरीब लाल साप. आता तो जगभर लोकांच्या घराघरांत गेला आहे, आणि घरात गेल्यावर त्याचे जे व्हायचे ते हालही झाले आहेत. पांढरा काय, जांभळट काय, लोण्याच्या रंगाचा काय. नावं अशी, की आपण आइस्क्रीमच्या दुकानात उभे आहोत असं वाटावं. मला त्यातलं काही नको. माझ्या आईच्या जमिनीच्या कडेने जुन्या भातखाचरांचा पाट जायचा, आणि त्या पाटाच्या बांधावर जे साप होते तसे मी दुसरीकडे पाहिले नाहीत. अंगावरचा ठिपका भाजलेल्या विटेसारखा लाल, आणि त्याच्याभोवती जाड काळी कड. लोक त्यांना पेंडरच्या पाटाचे साप म्हणायचे. पेंडर म्हणजे आम्ही. मी हॉलिस पेंडर.

आई गेल्यावर माझ्या भावाने ती जमीन विकली. आता तिथे गोल्फचं मैदान आहे आणि एकसारखी घरं आहेत, आणि त्या घरांत उत्तरेकडून आलेली माणसं आहेत. त्यांना लाल दिसलं की विषारी कॉपरहेडच वाटतो. फावडं घेऊन धावतात. पाटावर आता एक साप उरलेला नाही. जे उरलं होतं ते माझ्या मागच्या खोलीत, आणि तिथेही गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात म्हातारा नर मेला आणि एकटी मिस पर्ल राहिली. तिच्या आजीला मी स्वतःच्या हाताने पाटावरून उचललं होतं. तेव्हापासून ह्या वाणात बाहेरचा थेंब नाही. आधीच्या विणींतली पिल्लं मी ज्यांना ज्यांना दिली, त्यांनी ती कुठल्या ना कुठल्या आइस्क्रीमशी जुळवून टाकली, म्हणून पुढे मी देणंच बंद केलं.

आता माझे हात कापतात. गेल्या वर्षी एक डबा हातातून निसटला. हे वाण कोणाच्या तरी हाती सोपवायला हवं होतं, आणि तो हात एकच होता. वॉल्टरबरो गावची कोरीन रिव्हर्स. चाळिशीची, रोपवाटिका चालवणारी, तोंडाने कमी आणि कामाला चोख. तिच्याकडे फक्त ठिकाणाचे साप. कोणता साप कोणत्या रस्त्यावरचा, कोणत्या नदीकाठचा, हे ठाऊक असल्याशिवाय ती तो घरात घेत नाही. पाटाची एक जोडी मिळावी म्हणून ती कित्येक वर्षं थांबली होती. मिस पर्लच्या ह्या शेवटच्या विणीतली एक जोडी कोरीनच्या घरी पोचली की मी सुटलो, असं मी धरून चाललो होतो.

पण जोडीला आधी नर हवा. आणि नर होता वेंडेल मूडीकडे.

वेंडेल पाटाच्या पलीकडच्या अंगाला वाढला. माझ्याच वयाचा. त्याच्या परसात एक लांबलचक खोपटं आहे आणि त्यात डब्यांवर डबे, सगळे आइस्क्रीमचे रंग. दरवर्षी जत्रेच्या मैदानावर सापांचा बाजार भरतो, तिथे त्याच्या टेबलाभोवती पोराटोरांची झुंबड असते आणि माझ्या टेबलाशी दोन म्हातारे. वेंडेल बरीच वर्षं सांगत होता की पाटावर बुलडोझर आले त्या आठवड्यात तो पोतं घेऊन गेला आणि सापाची दोन पिल्लं घेऊन आला. त्यांची पुढची पिढी आपल्याकडे आहे, वेगळी ठेवली आहे. मी मानलं नाही. नुसतं मानलं नाही असं नव्हे, जो भेटेल त्याला सांगितलं की वेंडेलच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो, त्यावर विश्वास ठेवू नका.

तर त्या वेंडेलच्या दारात मी नाक मुठीत धरून गेलो. त्याने चहा दिला, बर्फ घालून, पाकासारखा गोड. मग खोपट्याच्या कोपऱ्यातला डबा काढला. मी नर बघितला. ती काळी कड. तो विटेचा लाल. मी आईच्या अंगणात उभा आहे असं वाटलं.

मी किंमत विचारली. वेंडेल म्हणाला, पैसे नकोत.

"मग काय पाहिजे?"

"लोकांसमोर म्हण, की हा पेंडरच्या पाटाचा आहे. तुझ्या तोंडाने म्हण."

मी म्हटलं, पिल्लं निघू देत, ती बघतो आणि मग म्हणतो. त्याने नर पिशवीत घालून दिला.

मिस पर्लने जूनच्या सुरुवातीला ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी घातली. निम्मी भाकड, पिवळी, दगडासारखी. उरलेली सात पांढरी आणि टणटणीत. मी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली, कारण सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उलटंपालटं करायचं नसतं. जसं पडलं तसंच ठेवायचं, नाही तर आतला जीव बुडतो. ऊबेचा डबा मी जुन्या शीतपेटीचा बनवला आहे. त्यातली वायर जुलैत एकदा जळाली. दुसरी आणली, तर ती जास्तच तापायला लागली. नेडीनने एकदा कसला वास येतोय म्हणून झाकण उघडलं तर मी तिच्यावर असा ओरडलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मिस पर्ल अंडी घालून जी खंगली ती सावरेचना. उंदीर पुढे केला की मान फिरवायची. उन्हाळाभर मी त्या दोन डब्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो होतो आणि मला दोन्हींचा राग येत होता.

मग एका सकाळी अंड्यांना चिरा पडल्या आणि त्यांतून नाकं बाहेर आली. पिल्लू असं डोकं बाहेर काढून दिवसभर बसून राहतं, त्याला घाई नसते. मला होती. पहिलं बाहेर आलं ते तपकिरी-लाल, काळ्या कडेची सुरुवात आताच दिसत होती. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मी नेडीनला हाक मारली, तिने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, जमलं. सहा निघाली. सातव्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं बाहेर काढलं. ते गुलाबी होतं आणि त्याचे डोळे लाल होते.

ज्याने साप पाळले नाहीत त्याला ह्यात काय वाईट ते कळायचं नाही. पिल्लू सुंदर होतं, मीही म्हणतो. अंगावर काळ्याचा टिपूस नाही, फिकट गुलाबी कातडीवर शेंदरी ठिपके. पण पाटाच्या सापाची सगळी ओळख त्या काळ्या कडेत. आणि ह्या आइस्क्रीमवाल्यांच्या रंगांत सगळ्यात जुना, सगळ्यांत मिसळलेला रंग हाच. तो अंगात दडून राहतो. वरून लालभडक दिसणारा साप तो पोटात घेऊन फिरतो आणि पिढ्यान् पिढ्या कोणाला कळत नाही. मग कुठल्या तरी विणीत असं एखादं निघतं आणि सगळं घराणं उघडं पडतं. म्हणून आमच्यात साप घेताना पहिला प्रश्न असतो, काही दडलेलं? आणि देणाऱ्याने जे उत्तर दिलं ते शेवटचं. त्यावर कागद नसतो, पावती नसते.

मला रात्र काढवली नसती. मी तसाच गाडीत बसलो आणि वेंडेलकडे गेलो. तो ओसरीवर पाय वर घेऊन शेंगा खात बसला होता. मी पायरीवरूनच सुरुवात केली. त्याला खोटारडा म्हटलं, त्याच्या बापाला म्हटलं, त्याच्या खोपट्याला काडी लावायची भाषा केली. लाल नर दाखवून मिसळीचा माल माझ्या गळ्यात मारलास, लाल डोळ्यांचं पिल्लू निघालंय, म्हटलं. मिस पर्लची शेवटची वीण होती, ती नासवलीस. तो शेंगा सोलत ऐकत होता. माझा दम संपल्यावर त्याने टरफलं ओंजळीत गोळा केली आणि कठड्यावरून खाली टाकली.

"हॉलिस," तो म्हणाला, "लाल डोळे बाहेर यायला किती जण लागतात?"

 त्या प्रश्नाचं उत्तर ह्या तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना मीच शिकवलं आहे. एकट्या बापाकडे असून भागत नाही. आईकडेही असावं लागतं. दोघांनी दिलं तरच ते दिसतं. रागाच्या भरात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते वेंडेलच्या तोंडून ऐकताना तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुझी मिस पर्ल," वेंडेल म्हणाला. "तिच्यातही आहे. ते कुठून आलं सांग मला."

मी म्हटलं, कुठूनच नाही. तिच्या आजीला मी स्वतः पाटावरून उचललं. त्यानंतर बाहेरचं काही नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

"मी कुठे नाही म्हणतोय? मला ते मान्यच आहे. तू सांगतोस म्हणजे ती पाटाचीच. मग ते पाटातच होतं की. तुझ्या बांधावर होतं आणि माझ्या बांधावर होतं. मधे काय, वीतभर पाणी." त्याने पुढची शेंग उचलली. "तुझी आई सांगायची ते विसरलास? माझ्या आईला सांगायची, पाटावर गुलाबी साप बघितला म्हणून."

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. आई ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती आणि तिने ते सांगितलं होतं, की बांधावर एक साप होता, पिकल्या पीचच्या रंगाचा, आणि मी आणि माझा भाऊ हसून हसून पडलो होतो. आईने पुन्हा त्याचा विषय काढला नाही. तिने तो विषय मूडीबाईंकडे नेला, कारण तिथे कोणी हसलं नाही.

मी तिथेच पायरीवर बसलो. वेंडेल खरं बोलत होता. इतकी वर्षं खरंच बोलत होता. ते लाल डोळ्यांचं पिल्लू मिसळीचं नव्हतंच, ते पाटाचं होतं, बाकीच्या सहांच्या इतकंच. आणि ते जगात कोणालाही पटणार नव्हतं, कारण ते डोळे दिसले की पुढचं कोणी ऐकून घेत नाही. मीही कधी घेतलं नसतं.

जोडी कोणाला जायची आहे ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. वेंडेल म्हणाला, कोरीनला काय सांगायचं ते तू ठरव. मी ह्यात चकार शब्द बोलणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी कोणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणेन. पिल्लांनी पहिली कात टाकली आणि मी त्यांना खायला द्यायला सुरुवात केली. एक एक पिल्लू एकेका छोट्या डब्यात, त्यात कोमट केलेलं उंदराचं नवजात पिल्लू. लाल डोळ्यांच्याने ते आत टाकल्या टाकल्या पकडलं आणि गिळून माझ्याकडे बघत बसलं. बाकीच्या सहांनी तोंड फिरवलं. खायला लागल्याशिवाय पिल्लू कोणाला द्यायचं नाही हा आमच्यातला नियम, आणि मला द्यायची होती ती नेमकी उपाशी बसलेली. रानात ही पिल्लं आधी सरडे खातात, म्हणून मी अंगणातला हिरवा सरडा पकडून त्याचा वास उंदराला लावला. नाही. कागदाच्या पिशवीत घालून अंधारात ठेवलं. नाही. उंदराचं डोकं चिरून दिलं. नाही. लाल डोळ्यांचं मात्र दर खेपेला तयारच. नेडीनने त्याचं नाव पीच ठेवलं, तर मी तिला म्हटलं की ह्या घरात सापांना आइस्क्रीमची नावं ठेवायची नाहीत. ती म्हणाली, पीच हे फळ आहे.

आणि एक सोपी वाट होतीच, ती मी लपवत नाही. आमच्या फ्रीझरमध्ये उंदरांचा डबा असतो. नको असलेलं पिल्लू लोक त्यात ठेवतात. थंडीने ते झोपतं आणि उठत नाही. पुष्कळांनी केलं आहे आणि कोणी कोणाला नाव ठेवत नाही. उरलेली सहा दिसायला पाटाची, अस्सल. त्यांच्यातल्या कोणात काय दडलं आहे हे बघून कोणाला कळणार? कोरीन विचारेल, काही दडलेलं? मी म्हणेन, काही नाही. वाण तिच्या घरी जाईल आणि राहील. वेंडेल बोलणार नाही म्हणाला होता आणि आता मला कळलं होतं की तो म्हणतो ते करतो. मी एकदा तो छोटा डबा हातात घेऊन फ्रीझरपर्यंत गेलोही. नेडीन टेबलाशी बसून सँडविचला चीज लावत होती. तिने मान वर केली नाही. मी डबा परत नेऊन ठेवला. मला ते करवेना. आईच्या सापाला मी एकदा हसलो होतो, तेवढं पुष्कळ झालं.

ऑगस्टच्या शेवटी सहांतली दोन खायला लागली, एक नर आणि एक मादी, देवाची कृपा. मी कोरीनला फोन केला. ती रविवारी चर्चमधून परस्पर आली, अंगात चांगले कपडे, हातात नवा डबा, त्यात तिने घरूनच ओलसर शेवाळ घालून आणलं होतं. नेडीनने तिला पीचची फळं भरून भाजलेल्या गोड पेस्ट्रीचा तुकडा दिला. कोरीनने तो दोन घासांत संपवला आणि ती मागच्या खोलीत आली. लाल पिल्लांची जोडी तिने हातावर घेतली आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. इतकी वर्षं थांबलेली बाई.

"मिस्टर हॉलिस," ती म्हणाली, "हे मी विचारायलाच नको तुम्हाला. पण रीत आहे म्हणून विचारते. काही दडलेलं?"

मी फळीवरून तिसरा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने झाकण उघडलं, बघितलं आणि परत लावलं. लाल पिल्लं तिने सावकाश त्यांच्या डब्यांत ठेवली. मी बोलत सुटलो. पाटाचं सांगितलं, दोघांच्यात असावं लागतं ते सांगितलं, जे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. माझ्या आईने बघितलेला साप सांगितला. सांगता सांगताच मला ऐकू येत होतं की हे कसं वाटतं आहे. पकडले गेलेले लोक असेच बोलतात. मी स्वतः बाजारात असं बोलणाऱ्यांना तोंडावर हसलो आहे.

कोरीन हसली नाही. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मिस पर्लचं मी मानते. तुम्ही सांगता म्हणून मानते. पाटात असेल तेही. पण नर कोणाचा?"

मी सांगितलं.

तिने विचारलं, "तो पाटाचा आहे असं कोण म्हणतं?"

"वेंडेल म्हणतो." मग मी म्हटलं, "आणि मी म्हणतो. तो पेंडरच्या पाटाचा आहे."

"मिस्टर हॉलिस, मी पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा मला काही कळत नव्हतं. तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, त्या माणसाच्या डब्यावर काही लिहिलेलं असो, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मी ते आजवर पाळलं. त्याच्याकडून एक साप घेतला नाही." तिचा आवाज चढला नव्हता, मला वाईट वाटू नये म्हणून ती जपूनच बोलत होती. "आता तुम्हाला गरज पडली तेव्हा तो खरा कसा झाला? मला उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

 मी म्हटलं, मी चुकलो होतो. ती म्हणाली, तेव्हा चुकला होतात की आता चुकताय, हे मला कसं कळावं? आणि ते तिला कसं कळावं, हे मलाही सांगता येईना. तिने नेडीनला मिठी मारली, पीचच्या पेस्ट्रीची कृती विचारली, आणि शेवाळ घातलेला रिकामा डबा घेऊन ती गेली. गाडी वळवताना तिने हात हलवला. एवढी भली बाई आहे ती, तिच्यावर धड रागावताही आलं नाही.

मग माझ्यापुढे एकच घर उरलं. दुसऱ्या दिवशी मी लाल जोडी आणि ते लाल डोळ्यांचं, तिन्ही डबे गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि वेंडेलकडे गेलो. सगळं सांगितलं, कोरीनला काय म्हटलं तेही. म्हटलं, मी माझा शब्द पाळला, तो तिच्यासमोर म्हटला. आता तू ही घे. तुझ्याकडे जागा आहे, तुझे हात कापत नाहीत. फक्त वेगळी ठेव, कशाशी मिसळू नकोस. पाटाचं खरं काय ते आता तुला आणि मलाच माहीत आहे.

वेंडेलने लाल मादी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितली. त्याला ती हवी होती, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. मग त्याने ती डब्यात ठेवली आणि झाकण लावून डबा माझ्या हातात परत दिला.

"नाही घेत," तो म्हणाला.

मी म्हटलं, वेडा झालास का? फुकट देतोय.

"फुकटचा प्रश्न नाही. ती माझ्या खोपट्यात आली की मूडीची होतात, हॉलिस. मी मरेपर्यंत घसा फोडून पेंडरचा पाट म्हणालो तरी कोणी ऐकणार नाही. ते काम तू पक्कं करून ठेवलंयस." तो हे रागाने म्हणत नव्हता. पाऊस येणार आहे म्हणावं तसं म्हणत होता. "तुझ्याकडे आहेत तोवर निदान एक माणूस तरी म्हणणारा आहे. घरी ने त्यांना. खायला घाल."

ही पिल्लं अंडी घालण्याजोगी व्हायला तीन वर्षं लागतात. तीन वर्षांनी माझे हात कसे असतील ते मला माहीत आहे, आणि तेव्हाही त्यांना घ्यायला कोणी येणार नाही हेही माहीत आहे. हे मी वेंडेलला म्हटलं. तो म्हणाला, हो.

मी डबे परत सीटवर ठेवले आणि पट्टा लावला. घर येईपर्यंत मी त्याला वाटभर शिव्या दिल्या. त्याचं म्हणणं खरं आहे हे मला त्याच्या अंगणातच कळलं होतं.